पड ठेवलेला माळ

त्या अर्जातला ‘पड’ हा शब्द मीच लिहिला होता. समासाला दोन बोटं जागा सोडून, ओळीवर रेघ न मारता, शाळेत शिकवलं होतं तसा. खाली वडिलांची सही होती. वडिलांना सही करता येत होती, अर्ज लिहिता येत नव्हता. आमच्या घरात तो फक्त मला येत होता. घरातली पहिली पदवीधर मी. तलाठ्याला, शाळेला, वीज मंडळाला काही द्यायचं असलं की आळीतली माणसंसुद्धा कोरा कागद घेऊन माझ्याकडे येत. मला त्याचा अभिमान होता, तो लपवून काय करू.

आमचं गाव शेणव्यापासून आत, मुरबाडकडच्या अंगाला. खाली भाताची खाचरं आणि वर वरकस. वरकस म्हणजे भात न होणारी उताराची जमीन. पूर्वी तिथे नाचणी-वरी पेरत, ती बंद झाली की नुसतं गवत. आमच्या वाट्याचा असा तीन एकरांचा माळ रस्त्याच्या कडेपासून वर टेपापर्यंत, म्हणजे टेकाडाच्या माथ्यापर्यंत जात होता. आजोबांनी जाताना सांगितलं होतं, जमीन मुलाची, पण माळावरचं गवत मुलीचं. मुलगी म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती मुरबाडकडच्या सासरहून माहेरी आली ती कायमचीच.

सातबाऱ्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं, पण गावात कुणीही त्या जागेला आत्याचा माळच म्हणे. तिथलं गवत कापून ती वखारीला घाली. वखारीत गवत दाबून त्याच्या गाठी करत आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जात. आत्याचं वर्षाचं लुगडं, डोक्याचं तेल, दवाखाना त्यातून निघे. पावसाळ्यात माळावरची रानभाजी ती शेणव्याच्या बाजारात नेई. भावाच्या घरी राहून तिला कधी कुणापुढे हात पसरावा लागला नाही, ते त्या माळामुळे. माझ्या आईशी तिचं भांडण झालं तर ती विळा उचलून माळावर जाई, आणि संध्याकाळी भारा घेऊन खाली आली की भांडण संपलेलं असे.

मी बारावी झाले तेव्हा पुढे शिकायचं म्हणजे काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेज तालुक्याबाहेर. वडील मला घेऊन गेले, आणि ऑफिसच्या खिडकीसमोर आम्ही दोघं इतका वेळ उभे राहिलो की शिपाई म्हणाला, ‘बाबा, भिंत पडंल तुमी टेकून.’ तेव्हा व्हरांड्यातून सर चालले होते. ते वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांनी वडिलांच्या हातातून कागद घेतले, स्वतः फॉर्म भरला, हॉस्टेलच्या अर्जावर स्थानिक पालक म्हणून स्वतःची सही केली. वडिलांनी हात जोडले तर म्हणाले, ‘हात कसले जोडता, मुलगी हुशार आहे.’ कुणीतरी माझ्याबद्दल असं म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढची तीन वर्षं सरांनी मला घडवलं, हे आजही मी खोटं म्हणणार नाही. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवले याची गणती नाही. माझं जर्नल ते लाल शाईनं तपासत. आकृती चुकली तर नुसती काट मारत, पण भाषा चुकली तर वर शुद्ध रूप लिहीत. माझं ‘नाय’ त्यांनी ‘नाही’ केलं, ‘आमी’ला ‘आम्ही’ केलं. एकदा मी ‘फूल उगवते’ असं लिहिलं होतं. त्यांनी समासात लिहिलं, ‘फूल उमलते. उगवते ते रोप. शब्द जपून वापर.’ ती वही मी बरीच वर्षं ठेवली होती.

पहिल्या वर्षाच्या श्रावणात सरांनी आमची सहल माझ्याच गावाला काढली. पंधरा मुलं-मुली रेनकोट घालून माळावर चढली. आत्या वर घाणेरीच्या जाळीत शेळीसाठी पाला काढत होती. सरांनी माळ इकडून तिकडे पाहिला आणि मुलांना म्हणाले, ‘बघा, एवढा मोठा माळ, पण कुसळीशिवाय दुसरं गवत नाही. फुलं तर मोजून चार जातींची. हा माळ आजारी आहे.’

आत्यानं ते ऐकलं. ‘आजारी?’ ती म्हणाली. ‘मंग टोचा की सुई. आनला का डाक्टर?’

मुलं हसली, मी लाजेनं मेले. पण सर हसले नाहीत. ते तिच्याजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, ‘आत्याबाई, पहिल्यापासून असाच होता का?’

‘नाय वो. माझ्या बापाच्या टायमाला फुलांतून वाट काढाय लागायची. आता वखारवाल्याला दसऱ्याच्या आतच हिरवं गवत लागतं. फुलाचं बी पडाय नको? बी पडायच्या आधीच कापून मोकळं. मंग फागुनात वणवा, आन बारा महिने गुरं. माझ्या सासरी नाय असं. तिथं माळ पड ठेवतात.’

‘पड म्हणजे पडीक?’ सरांनी विचारलं.

‘पडीक नाय, सर. पडीक म्हंजे टाकलेली, कुनी इचारत नाय ती. पड म्हंजे बाळंतीन कशी खाटंवर असती? तिला काम नाय सांगायचं. पन लक्ष मातर डोळ्यात तेल घालून.’

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी खिशातली वही काढली, अंगावर छत्री धरायला मला सांगितलं आणि आत्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. ‘बरोबर?’ आत्या म्हणाली, ‘बरोबर. तुमी पन शिकाल हळूहळू.’

त्या दिवसापासून आम्ही तिघांनी तो माळ पड ठेवायचं ठरवलं. सरांना त्यातलं शास्त्र माहीत होतं आणि आत्याला काम. मी दोघांच्या मध्ये.

पहिल्या वर्षी नुसती घाणेरी आणि रानमोडी ही माजलेली झुडपं उपटली. ओल असताना उपटायची, नाहीतर मूळ आत राहतं आणि दुप्पट येतं. आत्याच्या तळव्यांना काट्यांची नक्षी झाली. उन्हाळ्यात माळाच्या कडेनं चार हात रुंद जाळपट्टा खरवडून काढला, म्हणजे वणवा आत येणार नाही. पाऊस लागला की कडेनं काठ्या रोवून त्यांना गवताच्या जुड्या बांधायच्या. आमच्याकडे ती खूण बघितली की गुराखी गुरं वळवतो. ज्यांनी वळवली नाहीत त्यांच्या सात पिढ्या आत्यानं माळावर उभं राहून उद्धरल्या.

पण बी कुठून येणार? आत्याला ते ठाऊक होतं. दिवाळीनंतर ती मला घेऊन मुरबाडकडच्या सासरी गेली. तिच्या दिराचा माळ अजून चांगला होता. गवताच्या गंजी रचतात त्या जागी तळाला जो चुरा झडून पडतो, बी, भुसा, धूळ, ते सगळं तिला हवं होतं. दीर अंगणात बसून हसत होता. ‘वयनी, इतक्या वर्सांनी वाटा मागाय आलीस, तो पन कचऱ्याचा?’

‘कचरा तुझ्या डोक्यात हाय,’ आत्या म्हणाली. ‘झाडू दे.’

आम्ही दोन पोती भरून चुरा आणला. एसटीत कंडक्टरनं विचारलं, ‘काय हाय ह्यात?’ आत्या म्हणाली, ‘फुलं.’ त्यानं पोत्यात हात घालून वर काढला, झटकला आणि म्हणाला, ‘देवाला नको वाहू मावशे. रागवंल.’

तो चुरा आम्ही घाणेरी उपटून मोकळ्या झालेल्या जागेवर फेकला आणि वरून गुरं फिरवली, खुरांनी बी मातीत दबावं म्हणून. खत मात्र घालायचं नाही. हे वडिलांना पटत नव्हतं. एकदा त्यांनी मदत करायची म्हणून शेणखताच्या चार पाट्या वरच्या कोपऱ्यात टाकल्या. पुढच्या पावसात तिथे कमरेएवढं राठ गवत माजलं आणि त्याखाली एक फूल आलं नाही. सर म्हणाले, ‘रानफुलांना गरीब माती लागते. माती श्रीमंत झाली की दांडगे माजतात.’ आत्यानं त्या कोपऱ्याला ‘भावाची हुशारी’ असं नाव ठेवलं. वडील तिकडे गेले की ती मुद्दाम विचारी, ‘हुशारी कितपत वाढली?’

कापणीचंही तिनं तंत्र बसवलं. माळाचे उभे तीन पट्टे. एक दसऱ्याला कापायचा, वखारवाल्याचं तोंड बंद करायला. दुसरा दिवाळीनंतर. तिसरा सगळं बी गळून गवत पिवळं पडल्यावर, आणि दरवर्षी हा शेवटचा पट्टा बदलायचा. कापलेलं गवत तिथे ठेवायचं नाही, सगळं खाली आणायचं. मग गुरं सोडायची. या पद्धतीनं गवत उशिरा मिळे आणि वखारवाला नाक मुरडे. दोन वर्षं आत्यानं नवं लुगडं घेतलं नाही. गावात चेष्टा व्हायची ती वेगळीच. ‘काय आत्ये, यंदा फुलांचा भात किती झाला? पोती पुरतात का?’ आत्या म्हणे, ‘तुमच्या मयताला हारापुरती होतात. बास.’

दुसऱ्या वर्षी कवळा आला. त्याची पिवळी फुलं आणि भाजीही तीच. तिसऱ्या वर्षी खालच्या अंगाला तेरडा इतका आला की आळीतल्या सगळ्या घरांची गौर आमच्या माळावरून गेली. मग कुर्डू, मग निळी आभाळी, खडकाच्या ओलीत सीतेची आसवं. चौथ्या की पाचव्या पावसात फोडशी आणि रानहळद. आत्या शेणव्याच्या बाजारात पुन्हा पाटी घेऊन बसायला लागली. फोडशीच्या जुड्या ती अशी रचे की पांढरे देठ एका रेषेत दिसावेत.

मी पदवीधर झाले, बी.एड. केलं, वाशिंदला शाळेत लागले. सर दर श्रावणात येत. आम्ही दोरीनं चौकोन आखून त्यातली फुलं मोजायचो. सर आत्याच्या हातची नाचणीची भाकर आणि कवळ्याची भाजी खायचे, आणि ‘आत्याबाई, तुमचं नाव मी पुस्तकात घालणार’ असं म्हणायचे. एका वर्षी टेपाजवळ पांढरी आमरी, क्वचित दिसणारं रानातलं ऑर्किड, उमलली. सर चिखलात गुडघे टेकून तिच्यापुढे बसले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. ते खोटं नव्हतं. या सगळ्यातलं हेच मला अजून उलगडत नाही. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सातव्या वर्षी सर एका पर्यावरणाच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. होळीच्या आधी त्यांनी मला घरी बोलावलं. ‘संस्थेकडे आता जमिनींच्या संवर्धनाची योजना आली आहे,’ ते म्हणाले. ‘तुमचा माळ त्यात बसवू. दहा वर्षांचं संरक्षण मिळेल, राखणीला माणूस मिळेल. वडिलांच्या नावानं एक संमतीचा अर्ज दे. जमीन कशी आहे, पीक घेता का, एवढं साध्या भाषेत लिही.’

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, ‘राखनीला मानूस देतात? मंग मी काय, बुजगावनं?’ पण खूश होती. वडिलांनी अर्ज वाचलाही नाही. ‘तू लिवलंय म्हंजे बरोबरच असंल.’ मी लिहिलं होतं: ‘सदर माळजमीन आम्ही गेली सात वर्षे पड ठेवलेली असून तीवर कोणतेही पीक घेत नाही. सदर जमीन संस्थेच्या योजनेसाठी दहा वर्षे देण्यास आमची संमती आहे.’

अर्ज घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. लाल पेन टेबलावरच होतं. मी वाट पाहत होते की कुठेतरी ऱ्हस्व-दीर्घ निघेल. सर ‘पड ठेवलेली’ या शब्दांशी थांबले. मी नीट पाहिलं, तिथे त्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, ‘छान लिहिलंयस. अक्षर पहिल्यासारखंच आहे.’ आणि घडी करून त्यांनी तो फायलीत ठेवला.

एप्रिलच्या शेवटी शाळेच्या ऑफिसात वडिलांचा फोन आला. ते एसटीडी बूथवरून ओरडून बोलत होते. ‘माळावं मानसं आलीत. खड्डे खनतात.’ मला वाटलं जाळपट्टा काढत असतील. मी म्हटलं, ‘खणू द्या, आपलीच माणसं आहेत.’ रविवारी घरी गेले.

माळ ओळखू येत नव्हता. खालपासून टेपापर्यंत दीड-दीड फुटांचे खड्डे, सरळ रांगांत, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी मातीचा ढीग. ढिगांतून फोडशीचे आणि रानहळदीचे कंद वर आलेले, उन्हानं सुरकुतलेले. आत्या एकेका ढिगापाशी बसून ते पदरात वेचत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

झाडाखाली मुकादम बसला होता. मी त्याला म्हटलं, ‘काम थांबवा. हा राखलेला माळ आहे.’

‘राखलेला? बाई, कागदावर तर पडीक हाय.’ त्यानं पिशवीतून झेरॉक्स काढली. वर संस्थेचं नाव, खाली ‘पडीक जमीन वनीकरण, ऑस्ट्रेलियन बाभूळ’, आणि त्याला जोडलेला अर्ज. माझं अक्षर मला झेरॉक्समध्येही ओळखता आलं. ‘पुन्याचं काम हाय. झाडं लावतोय, दारूचा गुत्ता नाय काढत,’ तो म्हणाला.

आत्या तिथूनच बोलली, ‘काय लिवलंय गो त्यात?’

मी वाचून दाखवलं. ‘पड ठेवलेली’ ऐकल्यावर ती म्हणाली, ‘मंग बरोबर हाय की. पडच तर ठेवली व्हती. त्यांना कळत नाय का?’

मी तिला सांगितलं, की ऑफिसात पड म्हणजे पडीक, कामाची नसलेली. तिनं हातातल्या कंदाची माती चोळून काढली. मग म्हणाली, ‘पन सरांना तर म्या सांगितलं व्हतं. त्यांनी लिवून घेतलंय.’

मी तशीच सरांच्या गावी गेले. दुपारचे चार वाजले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, नेहमीसारखा चहा ठेवला. सर बाहेर आले, माझा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं असावं, कारण तेच आधी बोलले.

‘तू रागावली असशील. पण एक लक्षात घे. रस्त्यालगतची, सलग, एकाच मालकाची जागा दुसरी मिळतच नव्हती. पाहुणे येणार, गाड्या येणार. आणि बाकी सगळीकडे घाणेरी माजलेली, साफ करायलाच दोन महिने गेले असते.’

‘आमची साफ होती म्हणून?’

‘तसं नव्हे ग. योजनेला वेळेची मर्यादा असते.’

‘सर, तुम्हीच शिकवलंत की माळावर सावली पडली की माळ मरतो.’

‘वर्गात शिकवणं वेगळं. लोकांना झाड कळतं. गवत कळत नाही. गवतासाठी कुणी येत नाही.’ त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. ‘एका माळानं काय होतंय? उद्या संस्था मोठी झाली तर असे दहा माळ वाचवू.’

‘तुम्हाला पडचा अर्थ माहीत होता,’ मी म्हटलं. ‘तुम्ही त्या शब्दाशी थांबला होतात. दुरुस्त का नाही केलंत?’

सर अगदी सौम्यपणे, वर्गात एखाद्या मुलीची चूक दाखवावी तसे म्हणाले, ‘शब्द तुझाच होता.’

मी उठले. दारात चपला घातल्या, आणि मागे वळून वाकून सरांच्या पाया पडले. सात-आठ वर्षांची सवय. रस्त्यावर आल्यावर मला कळलं की आपण काय केलं, आणि मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसून रडले. दुकानदार म्हणाला, ‘ताई, पाणी देऊ?’ मी हो म्हटलं आणि पाणी प्यायले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते सांगण्यासारखं फार नाही. झाडं जगली. ऑस्ट्रेलियन बाभूळ जगतेच. पहिली दोन वर्षं खड्ड्यांच्या मधून तेरडा येत राहिला, तिसऱ्या वर्षी तुरळक, मग सावली धरली. त्या झाडाची पानं गुरं तोंडात धरत नाहीत आणि ती लवकर कुजतही नाहीत, त्यांचा तपकिरी थर पडतो. वडिलांनी आणि मी झाडं काढून जमीन परत मिळावी म्हणून अर्ज केला, या वेळी प्रत्येक शब्द तपासून. उत्तर आलं की जमीन आता वृक्षाच्छादित आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. वखारवाल्यानं आत्याचं नाव वहीतून कमी केलं. ती आईच्या हाताखाली भाकऱ्या करायला लागली, आणि भांडण झालं की तिला जायला जागा उरली नाही.

पण मला सांगायचं आहे ते कार्यक्रमाचं.

आषाढात लागवडीचा समारंभ ठेवला होता. संस्थेचा शिपाई मला शाळेत पत्रिका देऊन गेला. त्यावर ‘आभारप्रदर्शन’ या शब्दापुढे माझं नाव छापलेलं होतं. मला विचारलं नव्हतं. मी नाही म्हणू शकत होते. नोकरीची भीती नव्हती, सरांनी धमकीही दिली नव्हती. पण व्हरांड्यात वडिलांच्या हातातून कागद घेणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि ज्याच्यामुळे आपण दोन शब्द बोलायला शिकलो त्याला चार लोकांत नाही कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी गेले. चांगली साडी नेसून गेले.

रस्त्याकडेला मंडप होता. पाहुणे होते, शाळेची मुलं घोषणा देत होती. आत्याला ‘भूमिकन्या’ म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती आणि गळ्यात हार घातला होता. पहिलं रोप तिच्या हातून लावायचं ठरलं होतं. पाहुण्यांनी तिच्या हातात रोपाची पिशवी दिली. तिनं पानं चुरगळून वास घेतला.

‘ह्याचा पाला गुरं खातात?’ तिनं विचारलं.

‘नाही आजी,’ पाहुणे म्हणाले.

‘फळ?’

‘फळ नाही येत.’

‘मंग सरपन?’

‘ते तोडायचं नसतं, आजी. हिरवं दिसतं बघा बारा महिने.’

‘दिसतं,’ आत्या म्हणाली, आणि रोप खड्ड्यात न लावता खड्ड्याच्या काठावर ठेवून परत खुर्चीवर येऊन बसली. फोटो निघालेला होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. शिपायानं मागून रोप लावलं.

मग मी उभी राहिले. सरांनी नावांची चिठ्ठी दिली होती. मी पाहुण्यांचे आभार मानले, संस्थेचे मानले. सरांचे मानताना म्हटलं, ‘ज्यांनी मला घडवलं.’ हे वाक्य चिठ्ठीत नव्हतं. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. सर मान खाली घालून हसले. मग त्यांनी मागून हळूच सांगितलं, ‘आत्याबाईंचं राहिलं.’

मी म्हटलं, ‘आणि माझ्या आत्यानं या कामासाठी आपला माळ दिला...’

‘मी नाय दिला,’ आत्या म्हणाली.

तिला माइक नव्हता, पण ती रानात आवाज देणारी बाई. सगळ्यांना ऐकू गेलं. कुणाला वाटलं म्हातारी लाजते आहे, कुणी टाळ्या वाजवल्या. आत्या उठली. तिनं हार काढून खुर्चीवर ठेवला आणि खड्ड्यांच्या रांगांमधून वर टेपाकडे चालू लागली.

चिठ्ठीत दोन नावं उरली होती, मंडपवाल्याचं आणि चहावाल्याचं. मी त्यांचे आभार मानले. धन्यवाद, जय हिंद म्हटलं. मगच माइक ठेवला.

वर जायला मला वेळ लागला, साडी चिखलात अडकत होती. आत्या टेपाजवळच्या लांब खडकावर खालच्या मंडपाकडे पाठ करून बसली होती. मी तिच्यामागे उभी राहिले.

‘झालं तुझं आभार?’ तिनं विचारलं.

‘झालं.’

‘समद्यांचं?’

‘हो.’

खडकावर तिच्या शेजारी एका माणसाची जागा होती. ती सरकली नाही आणि मी बसले नाही. खाली गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले, मग तेही थांबले, आणि आम्ही दोघी तशाच होतो.